वाचक विचारतात: गुरू, ढाल की गोफण?

या महिन्याच्या पत्रांत गुरू ग्रहाबद्दलचे प्रश्न इतके आले, की पूर्ण सदर त्यालाच देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. अंतरे खगोलीय एककात दिली आहेत. १ एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, साधारण १५ कोटी किलोमीटर.

प्रश्न: गुरू धूमकेतू स्वतःच्या अंगावर घेतो आणि पृथ्वीला वाचवतो, असे शाळेत शिकलो. आता वाचनात येते, की तोच लघुग्रह आपल्याकडे ढकलतो. खरे काय मानायचे? (एक वाचक, धरमपेठ)

दोन्ही खरे आहे, पण वेगवेगळ्या वस्तूंच्या बाबतीत. ही फोड केली नाही, तर वाद संपतच नाही.

आधी ‘अंगावर घेतो’ हा शब्दप्रयोग बाजूला ठेवू. तो आला शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूमुळे. जुलै १९९२ मध्ये गुरूच्या फार जवळून जाताना त्याचे तुकडे झाले आणि १६ ते २२ जुलै १९९४ या आठवड्यात ते एकामागून एक गुरूवर आदळले. ते डाग साध्या दुर्बिणींतून दिसले, म्हणून चित्र मनात ठसले. पण हा धूमकेतू आधीपासून गुरूभोवतीच फिरत होता, पृथ्वीच्या वाटेवर नव्हता. गुरूचे मुख्य काम गिळण्याचे नाही, भिरकावण्याचे आहे. जवळून जाणाऱ्या वस्तूला तो वेग देतो किंवा तिचा वेग काढून घेतो. टक्कर क्वचित होते, भिरकावणे रोजचे.

हे भिरकावणे कोणाला कसे लागते ते पाहा. सूर्यमालेच्या अगदी बाहेरच्या ऊर्ट मेघातून येणारे धूमकेतू सूर्याशी फारच सैल बांधलेले असतात. ग्रहांच्या भागातून एकदा जाताना गुरू त्यांच्या ऊर्जेत जो फरक करतो, तो त्या बंधनाच्या साधारण दहापट भरतो. हा फरक अधिक होणार की उणे, हे गुरू त्या वेळी कुठे आहे यावर ठरते. म्हणून पहिल्याच फेरीत जवळपास निम्मे धूमकेतू सूर्यमालेबाहेर जातात. डिसेंबर १९८० मध्ये बोवेलचा धूमकेतू गुरूपासून सुमारे ३.४ कोटी किलोमीटरवरून गेला आणि त्याच्या कक्षेची विकेंद्रता (कक्षा किती लांबट आहे याचे माप) १.०५७ झाली. ती १ च्या वर गेली म्हणजे परतीचा रस्ता बंद. उलट, हेल-बॉप १९९६ मध्ये गुरूजवळून गेला तेव्हा त्याचा सुमारे ४,२०० वर्षांचा फेरा कमी होऊन अडीच हजार वर्षांवर आला. या गटापुरती ढाल खरी आहे. ग्रहशास्त्रज्ञ जॉर्ज वेदरिल यांनी १९९४ मध्ये मांडले, की गुरू आणि शनी पूर्ण वाढलेच नसते, तर पृथ्वीवर धूमकेतूंचा मारा हजारपट झाला असता. शाळेतले वाक्य इथून आले.

अडचण अशी, की पृथ्वीवर आदळणाऱ्या मोठ्या वस्तूंत बहुतांश वाटा लघुग्रहांचा आहे, ऊर्ट मेघातल्या धूमकेतूंचा नाही. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातून दगड सुटून आत येतात ते मुख्यतः गुरू-शनीच्या ओढीमुळे. नेपच्यूनपलीकडून हळूहळू आत सरकणाऱ्या बर्फाळ वस्तूंना लहान फेऱ्याचे धूमकेतू बनवून आत आणतो तोही गुरूच.

जुने आणि बोलके उदाहरण लेक्सेलच्या धूमकेतूचे. १७६७ मध्ये गुरूने त्याला आतल्या कक्षेत ओढले. १ जुलै १७७० रोजी तो पृथ्वीपासून सुमारे २२ लाख किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या जेमतेम सहापट अंतरावरून गेला. १७७९ मध्ये गुरूशी पुन्हा गाठ पडली आणि तो पुन्हा कधी दिसलाच नाही. बारा वर्षांत एकाच हाताने आत आणले आणि बाहेर टाकले.

जॉन्टी हॉर्नर आणि बॅरी जोन्स या खगोलशास्त्रज्ञांनी २००८ पासूनच्या लेखांत गुरूचे वस्तुमान संगणकावर कमी-जास्त करून पाहिले. लघुग्रह आणि लहान फेऱ्याचे धूमकेतू या दोन्ही गटांत सर्वाधिक मारा निघाला तो गुरू आजच्या सुमारे एक-पंचमांश असताना, म्हणजे पृथ्वीच्या ६०-६५ पट. (आजचा गुरू ३१८ पट आहे.) कारण समजण्यासारखे आहे. कमजोर हाताची गोफण पाखरे उठवते, पण शेताबाहेर घालवत नाही. ती या वाफ्यातून त्या वाफ्यात बसतात. मध्यम गुरू दगडांना आत ढकलण्याइतका बळकट असतो, पण आत आलेल्यांना झपाट्याने बाहेर फेकण्याइतका नसतो. लघुग्रहांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: शनीशी जुळणाऱ्या एका अनुस्पंदनाची (लय जुळल्याने साठत जाणाऱ्या ओढीची) जागा आणि रुंदी गुरूच्या वस्तुमानाप्रमाणे बदलते. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

तेव्हा ‘गुरू नसता तर आपण नसतो’ हे वाक्य पाठ्यपुस्तकातून काढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी मुलांना लेक्सेलची गोष्ट सांगावी.

प्रश्न: लोणारचा दगड गुरूनेच पाठवला असे म्हणता येईल का? आणि तो नेमका कसा ‘पाठवतो’? (महाल आणि मेहकर येथून दोन पत्रे)

त्या एका दगडाची वाट आज मागे शोधता येत नाही. लाखो वर्षांत कक्षा इतक्या बदलतात, की उलट हिशेब लागत नाही. पण अशा दगडांचे ठरलेले रस्ते माहीत आहेत आणि ते समजायला मराठी माणसाकडे एक साधन आधीच आहे: सिंहस्थ.

गुरू सिंह राशीत दर १२ वर्षांनी येतो, कारण त्याची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची आहे. आता सूर्यापासून २.५ एककांवरचा लघुग्रह घ्या. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने अंतराचा घन करून वर्गमूळ काढले, की वर्षे मिळतात: २.५ × २.५ × २.५ = १५.६२५, त्याचे वर्गमूळ ३.९५३. त्याला ३ ने गुणा: ११.८६. म्हणजे गुरूच्या एका फेरीत या लघुग्रहाच्या बरोबर तीन. दर सिंहस्थाला दोघांची जवळीक कक्षेच्या त्याच त्या भागात होते, ओढ त्याच दिशेने लागते आणि तिची बेरीज होत जाते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. कक्षा लांबट होत होत आधी मंगळाची, मग पृथ्वीची वाट ओलांडते. पट्ट्यात २.५ एककांवर लघुग्रह जवळपास नाहीत, हे खगोलशास्त्रज्ञ डॅनियल कर्कवुड यांनी १८६६ मध्येच दाखवले होते. २.८२ आणि ३.२८ एककांवरही अशाच रिकाम्या जागा आहेत. त्यांचा हिशेब घरी करून बघा: पहिल्या ठिकाणी गुरूच्या दोन फेऱ्यांत पाच, दुसऱ्या ठिकाणी एका फेरीत दोन.

दुसरा रस्ता शनीच्या अनुस्पंदनाचा, आणि पृथ्वीच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा. शनीची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू फिरते. तिची एक फेरी सुमारे ४६ हजार वर्षांची. पट्ट्याच्या आतल्या काठाला, साधारण २.१ एककांवर, लघुग्रहाची कक्षाही त्याच गतीने फिरते. ही गती जुळली, की विकेंद्रता वाढतच जाते आणि काही दशलक्ष वर्षांत दगड आतल्या ग्रहांत येतो. इथून निघालेल्यांपैकी बहुतेक सूर्यात पडतात. पृथ्वीच्या वाट्याला शंभरात एखादाच.

मग हे रस्ते कधीच रिकामे का झाले नाहीत? कारण ऊन. फिरणाऱ्या लघुग्रहाची दुपारनंतरची तापलेली बाजू उष्णता बाहेर टाकते आणि त्या सूक्ष्म रेट्याने कक्षा सरकते. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. बेन्नू या सुमारे अर्धा किलोमीटर रुंद लघुग्रहाची कक्षा यामुळे वर्षाला २८४ मीटर आत सरकते, हे मोजलेले आहे. आकडा लहान वाटतो, पण कोट्यवधी वर्षांत दगड सरकत सरकत या फटींच्या तोंडाशी येतात, आणि पुढचे काम गुरू-शनी करतात. एवढा नाजूक रेटा आणि एवढे मोठे परिणाम: या विषयातले सर्वांत सुंदर ज्ञान हेच, असे आम्हाला वाटते.

लोणारला समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरून जाता येते. विवराचा व्यास १.८ किलोमीटर आहे आणि ते बेसॉल्टमध्ये आहे. आघाताशिवाय न बनणारी मॅस्केलिनाइट ही काच तिथल्या खडकांत सापडली, म्हणून ते ज्वालामुखीचे तोंड नाही हे पक्के झाले. वय ५० हजार वर्षे असे अनेक ठिकाणी छापलेले दिसेल. आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले आहे.

प्रश्न: गुरू, शनी, मंगळ एका रेषेत आले की आघाताचा धोका वाढतो का? (एक वाचक, सक्करदरा)

नाही. गुरू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तरी ५९ कोटी किलोमीटरवर असतो. त्याचे भरतीबल चंद्राच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी भरते. वर सांगितलेले सगळे परिणाम हजारो फेऱ्यांच्या बेरजेतून होतात, एका रात्रीच्या रांगेतून नाही.

प्रश्न: बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गुरूचे वस्तुमान बदलून लॅपटॉपवर हे करून बघायचे आहे. कुठून सुरू करू? (विद्यार्थिनी, हनुमाननगर)

रिबाउंड हे कक्षांची गणिते करणारे मोफत पॅकेज पायथनमध्ये घ्या. पहिल्याच दिवशी पृथ्वीवरच्या टकरा मोजायला जाऊ नका. पृथ्वीची त्रिज्या ०.००००४३ एकक आहे; हजार कणांपैकी एकही आदळणार नाही आणि प्रकल्प कोरडा जाईल. वर उल्लेखलेल्या हॉर्नर आणि जोन्स यांनीही लाखभर कण घेऊन, पृथ्वी १० लाख किलोमीटर त्रिज्येची फुगवून मोजणी केली होती. तुम्ही ‘किती कणांचे उपसूर्य अंतर (सूर्यापासूनचे सर्वांत कमी अंतर) १.०१७ एककांच्या आत आले’ हे मोजा. ती संख्या आघातांची नाही, संभाव्य धोक्याची आहे, हे अहवालात स्वच्छ लिहा.

सूर्याचे वस्तुमान १ धरा. गुरू १/१०४७, कक्षा ५.२० एकक, विकेंद्रता ०.०४८. शनी १/३४९८, ९.५४ एकक, ०.०५४. दोघांनाही थोडा कल द्या, १.३ आणि २.५ अंश, सगळे एका सपाटीत ठेवले तर जवळून जाण्याच्या घटना खोट्या वाढतात. वस्तुमान नसलेले २०० कण २.४८ ते २.५२ एककांत पसरा: विकेंद्रता ०.१ ते ०.२, कल १० अंशांपर्यंत, बाकी कोन यदृच्छ. तुलनेसाठी आणखी २०० कण २.५८ ते २.६२ मध्ये. हा दुसरा गट विसरू नका. तोच सांगतो, की परिणाम अनुस्पंदनाचा आहे, तुमच्या चुकीचा नाही.

आता बिघाड होतो तिथे. या पॅकेजमध्ये गुरुत्व स्थिरांक १ असतो, त्यामुळे एक वर्ष म्हणजे २π एकक वेळ. १० लाख वर्षे समजून १० लाख हा आकडा भरला, तर प्रत्यक्षात सुमारे १ लाख ५९ हजार वर्षेच चालते आणि ‘गुरूचा परिणाम दिसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. ही चूक सर्वांत जास्त होते. दुसरी: सक्रिय वस्तूंची संख्या ३ (सूर्य, गुरू, शनी) अशी द्यायची राहते, मग वस्तुमान शून्य असूनही संगणक प्रत्येक कणाची प्रत्येकाशी ओढ मोजत बसतो आणि वेळ कित्येक पट लागतो. तिसरी चूक पावलाची. वेळेचे पाऊल ७ दिवसांचे ठेवा. पट्ट्यातल्या सुरुवातीच्या कक्षांना ५० दिवसही चालले असते, पण विकेंद्रता वाढून कण सूर्याजवळ आला, की मोठ्या पावलाने तो वळणच चुकतो आणि नसलेली ऊर्जा मिळवून बाहेर उडतो. असे उडालेले कण ‘गुरूने फेकले’ म्हणून मोजले जातात. म्हणून डब्ल्यूएचफास्ट ही पद्धत सरावापुरती वापरा. गुरूजवळून जाणाऱ्या कणांसाठी मर्क्युरियस घ्या, ती जवळ आल्यावर आपोआप बारीक पावले टाकते. सूर्यापासून ०.१ एककाच्या आत आलेला किंवा १०० एककांपलीकडे गेलेला कण मोजून काढून टाका.

दर १० हजार वर्षांनी स्थिती फाइलमध्ये साठवा. वीज गेली किंवा लॅपटॉप तापून बंद पडला तर तिथून पुढे सुरू करता येते. मे महिन्यात नागपुरात हे होतेच. आधी सूर्य, गुरू, शनी एवढेच चालवून एकूण ऊर्जेतली चूक पाहा. ती दशलक्षांशाच्या आत वरखाली होत राहिली तर ठीक. एकाच दिशेने वाढत गेली तर पाऊल अर्धे करा.

मग गुरूचे वस्तुमान आजच्या ०, ०.२, ०.५, १ पट असे बदला आणि प्रत्येक मूल्यासाठी यदृच्छ कोनांचे निदान तीन वेगळे संच चालवा. एका कणाच्या वाटेला अर्थ नसतो. सुरुवातीच्या स्थितीत केसाएवढा फरक केला तरी ती बदलते. गटाच्या सरासरीला अर्थ असतो. तिन्ही संचांतला फरक वस्तुमानामुळे आलेल्या फरकापेक्षा मोठा असेल, तर कण वाढवल्याशिवाय काही म्हणू नका. एवढ्याशा पट्ट्यातून ०.२ चा उंचवटा दिसेलच असे नाही, कारण तो मुख्यतः शनीच्या अनुस्पंदनातून येतो. तो हवा असेल तर कण २.१ पासून ३.३ एककांपर्यंत पसरावे लागतील आणि संख्या हजारांत न्यावी लागेल.

प्रश्न: २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याला, नागपूरवरून जळत गेले ती उल्काच होती ना? (एक वाचक, मानेवाडा)

नव्हती. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले आणि ते अवशेष चिनी रॉकेटच्या टप्प्याचे मानले गेले. फरक वेगावरून ओळखता येतो. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते ती सेकंदाला ८ किलोमीटरच्या आतबाहेर, जवळजवळ आडवी. म्हणून ती मिनिटभर, कधी त्याहून जास्त दिसते आणि तुटलेले तुकडे एकमेकांमागे रांगेने जातात. सूर्याभोवती फिरणारा दगड किमान ११ किलोमीटर वेगाने येतो, जास्तीत जास्त ७२, आणि बहुधा काही सेकंदांत विझतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर आलेला सुमारे २० मीटरचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाचा होता. तो जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटरवरच फुटला. जखमी झालेले सुमारे दीड हजार लोक मुख्यतः फुटलेल्या काचांनी जखमी झाले, कारण प्रकाश पाहून ते खिडकीशी गेले आणि आघाताची लाट एक-दोन मिनिटांनी पोचली. हे लक्षात ठेवा: आकाशात डोळे दिपवणारा झोत दिसला, तर काचेपासून लांब व्हा.

पुन्हा असे दिसले तर घड्याळात सेकंदासह वेळ बघा. सुरुवात आणि शेवट कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर झाला ते नोंदवा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते. पडलेल्या रॉकेटच्या टाकीला हात लावू नका, आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना कळवा.

प्रश्न: गुरूवर काही आदळताना नागपुरातून दिसू शकेल का? आमच्याकडे ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. (वाचक मंडळ, त्रिमूर्तीनगर)

होय, ८ इंच पुरे. ३ जून २०१० रोजी असा लखलखाट हौशी निरीक्षकांनीच चित्रित केला, त्यानंतरही बऱ्याच वेळा. तो एक-दोन सेकंदच टिकतो, त्यामुळे डोळ्याने बघत बसण्यापेक्षा व्हिडिओ घ्यावा. ६४० × ४८० चौकट, सेकंदाला ३० चित्रे, ८ बिट एवढे ठेवले तर १० मिनिटांचे साडेपाच जीबी होतात; म्हणून रात्रीची जागा आधी मोकळी करा. चित्रण नंतर डिटेक्ट या मोफत प्रोग्रामला द्या, तो चमक शोधतो. खरी चमक गुरूच्या बिंबावर एकाच जागी राहते, चढते, उतरते आणि अनेक चित्रांत दिसते. एकाच चित्रात ठिपका असेल तर तो वैश्विक किरण किंवा कॅमेऱ्याचा दोष.

नागपूरचे अक्षांश २१ अंश उत्तर, त्यामुळे गुरू मिथुन-कर्केत असताना जवळजवळ डोक्यावरून जातो आणि हवेचा थर सर्वांत पातळ मिळतो. धनूत असताना तो साधारण ४५ ते ४८ अंशांपर्यंतच चढतो. डोक्यावर असताना डॉब्सोनियन बाजूला फिरवणे मात्र जड जाते. गुरू मध्यमंडलावर, म्हणजे सर्वांत उंच, येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर चित्रण करा. उन्हाळ्यात गच्ची टाळा. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो आणि बिंब उकळत्या पाण्यासारखे हलते. गवताचे मैदान बरे. दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवा. घड्याळ मोबाइलच्या नेटवर्कवेळेशी जुळवा, आणि नोंद करताना भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ लिहा. चमक सापडली तर त्याच वेळेचे दुसऱ्या कोणाचे चित्रण आहे का हे तेव्हाच जुळवता येते.

काहीच सापडले नाही, तरी किती तास चित्रण केले ते कळवाच. गुरूवर वर्षाला किती आघात होतात हे असे रिकामे तास धरून एकूण तासांनी भागूनच काढतात.